बातमीचीही फेरपडताळणी व्हावी

प्रति,
नागपुरातून निघणाऱ्या मराठी वृत्तपत्रांचे संपादक, येथील वृत्तवाहिन्यांचे प्रमुख आणि विदर्भाच्या तालुक्या-तालुक्यांत काम करणारे वार्ताहर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या महाल भागात राहणारा, वजनकाटे दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर आहे. हिंगणघाटच्या जिनिंगपासून गोंदियाच्या राईस मिलपर्यंत आणि उमरेडच्या धान्यबाजारापासून पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रापर्यंत, जिथे काटा बिघडेल तिथे मला जावे लागते. त्यामुळे गेली सत्तावीस वर्षे आठवड्यातले निदान चार दिवस माझे रेल्वेत, एसटीत किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये जातात. खांद्यावर अवजारांची पिशवी आणि हातात प्रमाणित वजनांची लाकडी पेटी असते. ही पेटी घेऊन चालणाऱ्या माणसाला कुठला फलाट किती लांब आहे, कुठला सरकता जिना बंद आहे आणि कुठल्या एसटीची पायरी किती उंच आहे, हे कुणी सांगावे लागत नाही. प्रवासात माझी सोबत म्हणजे आपली वृत्तपत्रे. पहाटे स्टेशनकडे जाताना सीताबर्डीच्या फुटपाथवर गठ्ठे सुटलेले असतात, विक्रेते मांडी घालून पुरवण्या आत सरकवत असतात, आणि मी तिथूनच दोन अंक घेतो. पहिला अंक बुटीबोरीपर्यंत वाचून होतो, दुसरा सिंदीपर्यंत, आणि सेवाग्राम येईतो दोन्ही अंक डब्यातल्या आठ-दहा जणांच्या हातून फिरून आलेले असतात. आपले लिहिलेले लोक किती मन लावून वाचतात हे मी रोज पाहतो, आणि म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

माझ्या व्यवसायातली एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक काटा एकदा तपासला, त्यावर शिक्का मारला, की काम संपले असे होत नाही. वैधमापन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे त्याची दर वर्षी फेरपडताळणी करून घ्यावी लागते. कारण काटा वापरात असतो. त्याच्यावर पोती आदळतात, वजनाचा दाब मोजणाऱ्या लोडसेलखाली कोंडा साचतो, उंदीर वायर कुरतडतात, आणि गेल्या वर्षी अचूक असलेला काटा या वर्षी क्विंटलमागे दोनशे-तीनशे ग्रॅम खाऊ लागतो. कुणी मुद्दाम लबाडी केलेली असतेच असे नाही, पण नुकसान शेतकऱ्याचे व्हायचे ते होतेच. म्हणून शिक्क्यावरचे वर्ष पाहिल्याशिवाय आम्ही कुठल्याही काट्यावर विश्वास ठेवत नाही.

माझे आपल्याकडे एवढेच मागणे आहे की, प्रवासाच्या बातमीलाही अशी फेरपडताळणी लागू करावी. रस्ता, रेल्वे, बस, विमान यांची बातमी आपल्याकडे दोनच दिवशी मोठी होते: उद्घाटनाच्या दिवशी आणि अपघाताच्या दिवशी. या दोन दिवसांच्या मध्ये जी वर्षे जातात, त्या वर्षांत आम्ही प्रवास करतो.

११ डिसेंबर २०२२ हा रविवार आठवून पाहा. त्या एका दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते नागपुरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, बिलासपूरच्या वंदे भारतला हिरवा झेंडा दाखवला गेला, मेट्रोचा पहिला टप्पा लोकार्पण झाला, एम्सचे उद्घाटन झाले आणि नागपूर व अजनी या दोन्ही स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणीही झाली. दुसऱ्या दिवशीचे अंक पाहून मला मनापासून आनंद झाला होता. एवढे सगळे एका दिवसात आपल्या शहराच्या वाट्याला यावे, ही अभिमानाचीच गोष्ट होती, आणि तो आनंद माझ्या मनात आजही कमी झालेला नाही. त्या दिवसाचा एक अंक मी घरी जपून ठेवला आहे. मात्र त्या अंकात छापलेल्या प्रत्येक कामाचे पुढे काय झाले, कुठले वेळेत झाले, कुठले रेंगाळले, कशाचा उपयोग कुणाला झाला, हे एकाच ठिकाणी, तारखेनिशी सांगणारे पान माझ्या वाचनात आले नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, तेव्हा पुन्हा तशीच मोठी पाने आली. ती यायलाच हवी होती. परंतु या दोन पानांच्या मध्ये एक रात्र होऊन गेली होती आणि माझ्या पत्राचे खरे कारण ती रात्र आहे.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटली, पेटली, आणि २५ माणसे जळून गेली. त्यांत नागपूरची होती, वर्ध्याची होती, यवतमाळची होती. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दार खाली दबले गेले. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आले. सुरुवातीला टायर फुटल्याचे कारण छापले गेले, नंतर परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नसल्याचे सांगण्यात आले. त्या आठवड्यात आपण फार चांगले काम केले होते. आपत्कालीन दार कुठे असावे, काच फोडण्याची हातोडी कुठे असावी, चालकाला किती विश्रांती हवी, सरळ रस्त्यावर डुलकी का लागते, हे सगळे आपण आम्हाला चित्रे काढून समजावून दिले. मी ती पाने माझ्या ओळखीच्या दोन चालकांना वाचायला दिली होती.

गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी मला पुण्याला जावे लागले. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही म्हणून रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्सचे तिकीट काढले. कंपनीचे नाव मी इथे घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. माझा बर्थ मागच्या बाजूला, खालचा होता. बसल्यावर मी सवयीने आपत्कालीन दार शोधले. दार होते, त्यावर लाल अक्षरांत तसे लिहिलेलेही होते, परंतु त्याच्यासमोर संत्र्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. खिडकीजवळ हातोडी अडकवायचा लाल कंस होता आणि तो रिकामा होता. मी क्लीनरला हाक मारून विचारले. तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता, बोलायला नम्र होता. म्हणाला, ‘‘काका, हातोड्या लोकं घेऊन जातेत ना, म्हणून आमी समोर केबिनमधी ठेवतो.’’ केबिनचे दार रात्री आतून बंद करतात. मग मी पेटी उघडली, त्यातले एक किलोचे वजन काढले आणि उशाशी ठेवून पडलो.

समोरच्या बर्थवर एक मुलगी होती, पुण्यात नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. तिने वजन पाहिले आणि कशासाठी म्हणून विचारले. मी सिंदखेडराजाची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, ‘‘काका, हे केव्हा झालं होतं?’’ तिला ठाऊक नव्हते. ज्या रस्त्यावरून, ज्या वेळी, तशाच बसने ती दर महिन्याला ये-जा करते, त्या रस्त्यावर काय घडले होते हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. तिचा त्यात दोष नाही. ती तेव्हा कॉलेजात असेल, परीक्षेच्या धावपळीत असेल. माझ्या मनात एवढेच आले की, ज्या १ जुलैला ही बस जळाली ती तारीख दर वर्षी येते. त्या दिवशी आपल्या एखाद्या पानावर ‘यंदा किती गाड्यांत हातोडी जागेवर आहे’ हे छापून आले असते, तर या मुलीने बर्थवर बसण्याआधी मान वळवून त्या कंसाकडे पाहिले असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेरजवळ एक बस पेटली आणि काही दिवसांनी कर्नूलजवळ दुसरी. दोन्ही वेळा आपल्याकडे पुन्हा तेच प्रश्न छापून आले: दार का उघडले नाही, काच का फुटली नाही. या प्रश्नांची उत्तरे राजस्थानात आणि आंध्रात शोधण्याआधी बैद्यनाथ चौकातून संध्याकाळी निघणाऱ्या गाड्यांमध्ये शोधता आली असती. एक वार्ताहर, एक संध्याकाळ, दहा गाड्या. त्याला कुठल्या अधिकाऱ्याची परवानगी लागली नसती. तिकीट काढणाऱ्या कुठल्याही प्रवाशाला जे दिसते तेच त्याला पाहायचे होते.

अपघाताची गोष्ट मोठी असते, ती एक दिवस तरी छापून येते. जे हळूहळू बंद पडते किंवा रेंगाळते त्याची बातमी मात्र कुठल्याच दिवशी होत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात इतवारी–नागभीड ही नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी थांबवली गेली. त्या आठवड्यात आपण त्या छोट्या गाडीवर सुंदर लेख छापले, जुनी छायाचित्रे शोधून काढली, गाडीच्या दारात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहिल्या. मी त्या गाडीने शेकडो वेळा उमरेडला आणि भिवापूरला गेलो आहे आणि ते लेख वाचताना माझे डोळे भरून आले होते. परंतु त्या आठवड्यानंतर कुही, उमरेड, भिवापूर, पवनी रोड या पट्ट्यातल्या माणसांनी प्रवास कसा केला, हे नंतरच्या वर्षांत फार थोडे लिहिले गेले. करोना आला, मग नोव्हेंबर २०२१ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. म्हणजे गाडी नाही आणि बसही नाही, असे महिने या भागाने काढले आहेत.

कुहीची एक भाजीवाली आजी मला त्या गाडीत नेहमी भेटत असे. वांग्यांच्या आणि हिरव्या मिरच्यांच्या दोन पाट्या घेऊन ती इतवारीला उतरायची. गाडी बंद झाल्यावर दोनेक वर्षांनी ती मला उमरेड रोडवर एका टपरीजवळ दिसली. एसटीत दोन पाट्या घेत नाहीत, जीपवाला पाटीचे वेगळे पैसे घेतो आणि तेवढ्यात फायदा संपतो, म्हणून तिने नागपूरला येणेच सोडले होते. ‘‘मोठी गाडी येईन तवा येईन,’’ ती म्हणाली, ‘‘तवर मी राहाची काय?’’ रुंदीकरण व्हावे असे तिलाही वाटते आणि मलाही वाटते. रुंद रुळांवर डबे मोठे येतील, गाडी वेगाने जाईल, नागभीडला पुढच्या गाड्या मिळतील. तिला फक्त कोणत्या महिन्यात कुठपर्यंत काम आले आणि तिच्या गावाची पाळी केव्हा, हे कळायला हवे होते. ते तिला सांगणे हे रेल्वेचे काम आहे, हे मला मान्य आहे. पण रेल्वेला ते दर सहा महिन्यांनी विचारणे हे आपले काम आहे, असे मी मानतो.

मोठ्या वृत्तपत्रातल्या माणसाला वाटेल की, भाजीच्या दोन पाट्यांसाठी पान कसे द्यायचे. माझे म्हणणे असे आहे की, आपण पान देताच. फक्त ते गाडी थांबली त्या दिवशी देऊन संपवता.

नियम बदलल्याच्या बातम्यांविषयीही मला लिहायचे आहे, कारण त्या बातम्या वाचून लोक माझ्याकडे पेपर घेऊन येतात. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवसांवर आले. जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधार जोडलेले खाते आणि ओटीपी लागू झाले. त्याच महिन्यात भाड्यात किलोमीटरमागे पैशांतली वाढ झाली आणि आरक्षणाचा तक्ता गाडी सुटण्याच्या आठ तास आधी लावण्याचे ठरले. ही सगळी माहिती आपण छापली आणि ती बरोबर होती. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये काटा चालवणारा एक गृहस्थ, वय पन्नाशीच्या पुढचे, त्या दिवसांत मला म्हणाला, ‘‘भाऊ, हे वाचलं मी तीनदा, पण सकाळी अकरा वाजता मी करू काय, ते यात कुठं आहे?’’ त्याच्या मुलाला सुरतहून घरी यायचे होते. बातमीत निर्णय होता, मंत्र्यांचे म्हणणे होते, दलालांना आळा बसेल असा विश्वास होता. खात्याला आधार आधीच जोडून ठेवावे लागते, अकराच्या ठोक्याला ते करू गेल्यास वेळ निघून जाते, वातानुकूलित डब्यांचे तत्काळ दहाला आणि बिगरवातानुकूलित डब्यांचे अकराला सुरू होते, आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याने खिडकीवर जाताना ओटीपीसाठी आपला साधा मोबाईल सोबत न्यायचा, इतके चार ओळींत सांगितले असते तरी त्याचे काम झाले असते. ते मी त्याला त्याच्याच अंकाच्या कोऱ्या कडेवर लिहून दिले. नियमाच्या बातमीखाली ‘तुम्ही काय करावे’ अशी चौकट रोज दिली, तर तिला गिरणीतला माणूस कात्री लावून खिशात ठेवील, हे मी खात्रीने सांगतो.

आता एका आकड्याविषयी. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमानाची नोंद झाली आणि ती बातमी देशभर गेली. पुण्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, ‘‘दादा, आज घराबाहेर पाऊल टाकू नकोस.’’ नंतर हवामान विभागाने सांगितले की, त्या केंद्राच्या सेन्सरमध्ये बिघाड होता आणि तो आकडा धरता येणार नाही. आमच्या धंद्यात एका गोदामातल्या चार काट्यांपैकी एकच काटा एकदम दहा किलो जास्त दाखवू लागला, तर आम्ही आधी काटा तपासतो, मग पोत्याकडे वळतो. माझी अडचण अशी आहे की, ५६ अंशांचा आकडा मोठ्या अक्षरांत आला आणि खुलासा लहान अक्षरांत, त्यामुळे आजही तुमसर-गोंदियाच्या गाडीत लोक मला सांगतात की, नागपुरात छप्पन झाले होते. ज्या आकाराच्या अक्षरांत चूक गेली त्याच आकारात दुरुस्ती छापावी, एवढी शिस्त आपण स्वतःला लावून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि खरा उन्हाळा मोजायचा असेल तर नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत दुपारी दोन वाजता बडनेऱ्याला उभ्या असलेल्या गाडीच्या जनरल डब्यात तापमापक घेऊन जावे. तिथे दाराशी, पायऱ्यांवर, संडासाच्या वाटेत बसलेली माणसे असतात, लेकरांच्या डोक्यावर ओले फडके असते, आणि फलाटावरच्या नळापाशी बाटल्या भरणाऱ्यांचा डोळा इंजिनाच्या भोंग्याकडे असतो. हवामान केंद्रावरचा ४५ चा आकडा त्या डब्यात किती होतो, हे मला आजवर कुठल्याच अंकात वाचायला मिळालेले नाही.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशात विमानांची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, तेव्हा आपण विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांची अवस्था फार आपुलकीने मांडली. त्यांचे हाल खरेच होते आणि ते मांडलेच पाहिजेत. त्याच हिवाळ्यात काय आणि दर हिवाळ्यात काय, उत्तरेतल्या धुक्यामुळे दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या नागपूरला कित्येक तास उशिरा पोहोचतात, आणि त्या गाड्यांच्या भरवशावर चंद्रपूर-बल्लारशाकडे कामाला जाणारी माणसे रात्र फलाटावर काढतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे एक ओळ असते: धुक्यामुळे गाड्या विलंबाने. ती ओळ मी अनेक वर्षे वाचतो आहे. त्यांचेही कुणी असेच आपुलकीने लिहावे.

हे सगळे मी नागपूरच्या संपादकांनाच का लिहितो, असे आपण विचाराल. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग ज्या शहरात एकमेकांना छेदून जातात, मध्य रेल्वेचा आणि दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचा असे दोन ‘नागपूर विभाग’ जिथून चालतात, मैलाचा शून्य दगड ज्याच्या मधोमध उभा आहे, त्या शहराच्या वृत्तपत्रांनी प्रवाशाचा विषय हाती घेतला नाही तर तो कुणी घ्यायचा? माझे वडील पोस्टात होते. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालाची गोष्ट ते आम्हाला सांगत असत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर उतरत, थैल्यांची अदलाबदल करत, आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. साऱ्या देशाचे पत्र एका रात्रीत पोहोचावे म्हणून नागपूर जागे राहत असे. वडील ती थैल्यांची अदलाबदल सांगताना हातवारे करून दाखवत, आणि शेवटी नेहमी म्हणत, ‘‘एकही थैली उरली तर दुसऱ्या दिवशी विचारणा होई.’’ मला ती विचारणा होण्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

तालुक्यांतल्या वार्ताहरांची ओढाताण मी जवळून पाहिलेली आहे. भिवापूरचा एक तरुण वार्ताहर माझ्यासोबत एसटीने येतो; बातमी लिहितो, फोटो काढतो, जाहिरातही गोळा करतो, आणि त्याला मिळणाऱ्या मानधनात त्याचा महिन्याचा प्रवासही भागत नाही. उद्घाटनाची बातमी त्याच्याकडे लिहून तयार येते, छायाचित्रासह येते. बंद पडलेल्या सरकत्या जिन्याचे, रिकाम्या कंसाचे, रेंगाळलेल्या रुळांचे पत्रक कुणीही काढत नाही. ते शोधायला वेळ लागतो, भाडे लागते आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. म्हणून हे पत्र वार्ताहरांच्या नावे असले तरी मागणे संपादकांकडे आहे. त्या तरुणाला महिन्यातून दोन दिवस फक्त जुन्या बातम्यांच्या मागे जाण्यासाठी द्या. त्याला एसटीचे भाडे द्या.

आपल्या कार्यालयात एक साधी वही ठेवता येईल. ज्या दिवशी एखाद्या मार्गाची, गाडीची, सवलतीची किंवा दुरुस्तीची घोषणा छापली, त्या दिवशी तिची तारीख आणि दिलेली मुदत त्या वहीत लिहायची, आणि वर्षाने ते पान उघडून पुन्हा तिथे माणूस पाठवायचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीचे पाणी मोरभवनच्या बसस्थानकात शिरले आणि एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. तेव्हा काय काय करू म्हणून सांगितले गेले होते, ते त्या वहीत असते तर दर मे महिन्यात विचारता आले असते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे अर्धे तिकीट झाले. पवनीच्या गाडीत आता दवाखान्यात, माहेरी, बाजारात एकट्या निघालेल्या बाया दिसतात, हे मी डोळ्यांनी पाहतो. ही फेरपडताळणी चांगल्या गोष्टींचीही होईल, आणि तेव्हा आपल्याला चांगले लिहायलाही मिळेल.

एक गोष्ट मी स्वतः करायचे ठरवले आहे आणि त्यासाठी आपल्यापैकी एकाची सोबत हवी आहे. येत्या ३० जूनच्या संध्याकाळी मी नागपूरहून पुण्याकडे ट्रॅव्हल्सने निघणार आहे, म्हणजे १ जुलैला मध्यरात्रीनंतर आमची गाडी सिंदखेडराजाजवळून जाईल. तिकीट मी माझ्या पैशाने काढीन. आपला कुणी वार्ताहर येणार असेल तर त्याने साडेचारपर्यंत बैद्यनाथ चौकात यावे. गाड्या लागायला सुरुवात होते तेव्हापासून सुटेपर्यंत आम्हाला निदान आठ-दहा गाड्यांमधले कंस आणि मागची दारे पाहून होतील. मी लाकडी पेटी घेऊन उभा असेन.

आपला नम्र,
एक वजनकाटे दुरुस्तीकार आणि आपला रोजचा वाचक,
महाल, नागपूर